सारख्याच भावात ३००झेडएक्स: टर्बो की साधी?

डॅलसमध्ये राहणाऱ्या एका मित्राने परवा दोन जाहिराती पाठवल्या. दोन्ही गाड्या निसान ३००झेडएक्स, म्हणजे जपानी स्पोर्ट्स कार, दोन्ही १९९१च्या, दोन्ही हाताने गिअर टाकायच्या. एक साधी, म्हणजे बिनटर्बोची. ९० हजार मैल झालेली, मालकाने पावत्यांची फाइल जपून ठेवलेली. दुसरी ट्विन टर्बो. १ लाख ४० हजार मैल, आधीचे मालक किती झाले याचा पत्ता नाही, आणि 'बरेच अपग्रेड केले आहेत' असं एक मोघम वाक्य. किंमत जवळपास तीच. खाली त्याचा प्रश्न: "अरे, त्याच पैशात टर्बो मिळत असेल तर साधी कोण घेईल?"

मी घेईन. घेतली होती, सहा वर्षं चालवली. त्याच काळात एका सहकाऱ्याकडे ट्विन टर्बो होती आणि तीही मनसोक्त चालवायला मिळाली. त्यामुळे हे 'कोल्ह्याला द्राक्षं आंबट' नाही. त्याची गाडी माझ्या गाडीपेक्षा वेगवान होती, आणि हे मला दर शनिवारी नव्याने कळायचं.

आधी आकडे. अमेरिकेत ही गाडी १९९० ते १९९६ या मॉडेल-वर्षांत विकली गेली. इंजिन दोन्हीत मुळात एकच: २९६० सीसीचं, २४ व्हॉल्व्हचं व्ही-६. साधीत ते २२२ हॉर्सपॉवर देतं, ट्विन टर्बोत ३००. टर्बो ऑटोमॅटिक असेल तर २८०. लोक याच आकड्यांवर अडकतात. रोजच्या चालवण्यात जाणवतो तो टॉर्क, म्हणजे इंजिनाचा चाकं फिरवणारा जोर. साधीत १९८ पाउंड-फूट, तेही ४८०० आरपीएमला. टर्बोत २८३, आणि ते ३६००लाच हजर. हायवेवर पाचव्या गिअरमध्ये ट्रक ओलांडायचा तर साधीत गिअर खाली घ्यावा लागतो, टर्बोत नुसता पाय दाबायचा. ज्याला गिअर खाली घेणं म्हणजे कटकट वाटते त्याने टर्बोकडे बघावं. मला त्यातच मजा यायची.

टर्बो म्हणजे बाहेर फेकल्या जाणाऱ्या धुराच्या जोरावर फिरणारा पंखा. तो इंजिनात जास्तीची हवा कोंबतो. कोंबलेली हवा तापते, म्हणून ती गार करायला इंटरकूलर लागतो. शिवाय इंधन अवेळी पेटू नये म्हणून इंजिनाचा मूळ कॉम्प्रेशन रेशो, म्हणजे सिलिंडरमधली हवा किती पट दाबली जाते ते प्रमाण, खाली ठेवावा लागतो: साधीत १०.५, टर्बोत ८.५. परिणाम असा, की पंखा फिरायला लागेपर्यंत टर्बोवाली थोडी पेंगुळलेली असते. या गाडीत एका मोठ्या टर्बोऐवजी दोन लहान टर्बो आहेत, तीन-तीन सिलिंडरला एक, त्यामुळे ही पेंग फार वेळ टिकत नाही. पण सिग्नलपासून सिग्नलपर्यंतच्या शहरी रहदारीत साधी जास्त हजरजबाबी वाटते हे खरं.

एक गोष्ट राहत्या गावावर ठरते: उंची. कोलोरॅडोतलं डेन्व्हर समुद्रसपाटीपासून १६०० मीटरवर आहे, आपल्या महाबळेश्वरपेक्षाही उंच. विरळ हवेत साधं इंजिन साधारण सहावा हिस्सा ताकद गमावतं. टर्बो ती तूट बरीचशी भरून काढतो. कोलोरॅडोत राहणाऱ्याने हा मुद्दा वर घ्यावा. डॅलसवाल्याने सोडून द्यावा.

वजनाचं म्हणाल तर टर्बो साधारण शंभर किलोने जड, आणि त्यातला बराच भार पुढच्या चाकांवर. शिवाय अमेरिकेतल्या टर्बोला सुपर हायकॅस होतं, म्हणजे मागची चाकंही जेमतेम एक अंश वळवणारी यंत्रणा. बटणाने कडक-मऊ होणारे शॉकअ‍ॅब्सॉर्बरही फक्त तिलाच. तेव्हा भारी वाटायचं. आज तीस वर्षांनंतर त्या हायकॅसच्या तेलाच्या नळ्या गळतात आणि बरेच मालक ती यंत्रणा चक्क काढून टाकतात. १९९४पासून ती विजेवर चालायला लागली, त्यामुळे नंतरच्या गाड्यांत तेलगळतीची ही भानगड नाही.

मागे दोन पोरं बसवायची असतील तर पुढचं वाचायची गरज नाही. अमेरिकेत चार सीटची ३००झेडएक्स फक्त बिनटर्बोची आली. १९९३पासून मिळणारी उघड्या टपाचीही तशीच.

आता बॉनेट उघडू. खरा निर्णय इथे आहे. साधीच्या बॉनेटखाली हात घालायला निदान थोडी जागा आहे. टर्बोत नाही. नळ्यांवर नळ्या, त्यांच्याखाली वायरी, आणि दोन्ही टर्बो इंजिनाच्या दोन बाजूंना मागे खोल दडलेले. ते बदलायचे तर बहुतेक मेकॅनिक सरळ इंजिनच बाहेर काढतात. सुटा भाग कितीचा हे गौण; मजुरीच कंबरडं मोडते. माझ्या सहकाऱ्याच्या गाडीत एक लहानशी पाण्याची नळी फुटली. नळी काही डॉलरची, आणि तिच्यापर्यंत पोचायला अख्खा शनिवार. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

काही दुखणी दोघींना सारखीच. टायमिंग बेल्ट ६० हजार मैलांना बदलायचाच, कारण तो तुटला तर व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आपटतात आणि इंजिन जातं. इंधन फवारणारे जुन्या धाटणीचे इंजेक्टर इथेनॉलमिश्रित पेट्रोलने खराब होतात. मल्टिमीटर लावून प्रत्येकाचा रोध १० ते १४ ओहमच्या आत आहे का बघावं. इंधन अवेळी पेटलं (नॉकिंग) तर ते ओळखणारा नॉक सेन्सर तर सिलिंडरच्या दोन रांगांमधल्या घळीत, इंजिनाला हवा वाटून देणाऱ्या पेटीखाली (प्लेनम) लपलेला. म्हणजे साधी घेतली की सुटलात, असं समजू नका. हत्तीऐवजी घोडा पोसताय इतकंच.

मित्राच्या डोक्यात तिसरी एक कल्पना होतीच: साधी घ्यायची आणि सवडीने टर्बो बसवायचा. हे करू नका. १०.५ कॉम्प्रेशनच्या इंजिनावर टर्बो चढवणं म्हणजे नॉकिंगला आवतण. नीट करायचं तर इंजिन, ऑइल कूलर, इंटरकूलर, वायरिंग, संगणक सगळंच टर्बोचं आणावं लागतं. नाकापेक्षा मोती जड होतो, आणि विकताना ती ना साधी म्हणून खपते, ना टर्बो म्हणून.

टर्बो कोणी घ्यावी? ज्याच्याकडे गॅरेज आहे, हत्यारं आहेत, दुसरी रोजची गाडी आहे, आणि किमतीच्या वर निदान तिसरा हिस्सा रक्कम पहिल्या वर्षासाठी बाजूला आहे. त्याने चांगलीच घ्यावी, मूळ अवस्थेतली, आणि तिचा योग्य भाव मोजावा. नवी असताना दोघींत सुमारे सहा हजार डॉलरचं अंतर होतं, आणि आज चांगल्या टर्बोला साधीपेक्षा बरेच जास्त पैसे पडतात. मग ती साधीच्या भावात मिळत असेल तर उरलेले पैसे गाडी नंतर वसूल करणार हे धरून चाला. दिसण्यावरही जाऊ नका. साधीला टर्बोचा पुढचा बंपर आणि मागचा स्पॉयलर लावलेल्या गाड्या बऱ्याच फिरतात. बंपरमधल्या त्या खाचांमागे खरोखर इंटरकूलर आहेत का, वाकून बघा.

मित्राला तरीही टर्बो बघायला जायचंच होतं. मग त्याला एवढंच सांगितलं: मालकाला आधीच कळव की गाडी सकाळपासून सुरू करू नको. तू गेल्यावर बॉनेटला हात लावून बघ, थंड आहे का. मग सुरू करून मागे उभा राहा. निळा धूर आला तर तेल जळतंय. दहा मिनिटं चालवून आणल्यावर दोन मिनिटं आयडलवर ठेव आणि मग एकदा अ‍ॅक्सिलरेटर दाब. तेव्हाही धूर निघाला तर टर्बोची सीलं गेली असायची शक्यता मोठी. 'अपग्रेड'ची पावती माग. पावती नसेल तर दुसऱ्या जाहिरातीतल्या माणसाला फोन लाव, तो फाइल घेऊन बसलाय.