कोरोना मदत: सीफॅप-2 की पीपीपी?

एका मैत्रिणीचा प्रश्न: 2021 च्या वसंतात अमेरिकेत आयोवा राज्यातल्या एखाद्या काउंटीतल्या (जिल्ह्यासारखा भाग) छोट्या शेतकऱ्याने एकाच अर्जाला वेळ द्यायचा, तर कोणत्या? सीफॅप-2 म्हणजे कोरोनाचा फटका बसलेल्या शेतकऱ्यांना अमेरिकी कृषी खात्याची थेट मदत; पीपीपी म्हणजे छोट्या धंद्यांना बँकेमार्फत मिळणारं, माफ होऊ शकणारं सरकारी योजनेतलं कर्ज. एप्रिलमध्ये काही आठवडे दोन्हींच्या अर्जाच्या खिडक्या उघड्या होत्या.

आधी रक्कम, कारण खरा फरक तिथेच. सीफॅप-2 मध्ये लसूणघासाला एकरी 15 डॉलर, म्हणजे 40 एकरांचे जेमतेम 600. मांसासाठीच्या गुरांना डोई 55 डॉलर. भाजीपाला-फळांना मात्र 2019 च्या विक्रीच्या 8.8 ते 10.6 टक्के. थोडक्यात, एकर आणि गुरं जास्त तर पैसा जास्त. माणशी कमाल अडीच लाख. पीपीपीत एकट्याने शेती करणाऱ्याची वर्षाची ढोबळ मिळकत धरून अडीच महिन्यांचा हिस्सा मिळे: 60 हजारांवर 12,500, कमाल 20,833. आधी निव्वळ नफा धरत, त्यामुळे तोट्यातली शेती बादच व्हायची; डिसेंबर 2020 च्या कायद्याने ते बदललं.

खटपट? सीफॅपचा अर्ज कृषी खात्याच्या काउंटीतल्या कार्यालयात, म्हणजे फार्म सर्व्हिस एजन्सीत; परतफेडीचा प्रश्नच नव्हता. पीपीपी बँकेतून, एक टक्का व्याजाचं कर्ज. माफीसाठी वेगळा अर्ज. पण माफ रकमेवर केंद्रीय आयकर नव्हता, सीफॅपवर होता.

माझ्या मते मोठा कळप किंवा शेकडो एकर असलेल्याला सीफॅप बरं होतं. जमीन थोडी, तोटा कागदोपत्री, पण विक्री बरी असेल, त्याने आधी बँक गाठायला हवी होती. तसे नियमाने दोन्ही घेता येत होतेच.