गॉडस्पीड की लाइटनिंग बोल्ट? आधी घरातला कूलर बघा

मे महिन्यातल्या भर दुपारी, नागपुरात धंतोलीतल्या घरी, पुतण्याला गॉडस्पीड यू! ब्लॅक एम्परर हा बँड ऐकवायला बसवलं, ही चूक माझीच. खिडकीत कूलर घरघरतोय, ताट्यांवर पाणी टपटपतंय, आणि सात-आठ मिनिटांनी पोरगं विचारतं, "काका, गाणं सुरू कधी होते?" गाणं केव्हाचंच सुरू झालं होतं. कूलरनं खाल्लं होतं.

तेव्हापासून शब्दांशिवायचा, अंगावर येणारा प्रायोगिक रॉक कुठून सुरू करावा असं कुणी विचारलं की मी आधी त्यातली शांतता किती ते सांगतो. दणदणाट काय, सगळ्यांकडेच आहे.

गॉडस्पीड हा कॅनडातल्या मॉन्ट्रियलचा बँड, 1994 पासूनचा. ऐकायचाच तर 2000 सालचा 'लिफ्ट युअर स्किनी फिस्ट्स लाइक अँटेनाज टू हेवन'. दोन सीडींचा अल्बम, पण भाग चारच, एकेक 20 मिनिटांच्या आसपास. तीन गिटार, दोन बेस (खर्जातल्या) गिटार, दोन ड्रमर, शिवाय व्हायोलिन आणि चेलो. गात कुणीच नाही. मधूनच रेकॉर्ड केलेले आवाज येतात. एका भागाच्या सुरुवातीला तर एक म्हातारा न्यूयॉर्कच्या कोनी आयलंड किनाऱ्यावरचे जुने दिवस आठवत बसतो. मग गिटार हळूहळू चढू लागते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इतवारीच्या गल्लीत उभं राहावं, मारबतीची मिरवणूक अजून दिसत नाही, पण तिकडून गलका वाढत येतोय, तसं. काही जण याला विलंबित ख्यालाची उपमा देतात. मला ती पटत नाही. ख्यालात गवई बोट धरून नेतो, इथे तुम्ही एकटेच असता. म्हणूनच कदाचित एवढं भिडतं.

लाइटनिंग बोल्टमध्ये हा धीर धरायचा प्रश्नच नाही. अमेरिकेतल्या प्रॉव्हिडन्सची ही दोनच माणसं: एक बेस, एक ड्रम. बेसच्या तारा अशा लावलेल्या आणि आवाज बदलणाऱ्या पेडलमधून अशा पिळलेल्या की साधी गिटार नाही हे लक्षातच येत नाही. ड्रमर तोंडावरच्या मुखवट्यात माइक लपवून ओरडतो, पण शब्द एकही कळत नाही, त्यामुळे मी त्यांना वाद्यवाल्यांतच धरतो. बरीच वर्षं ते स्टेजवर न चढता प्रेक्षकांच्या मधोमध जमिनीवरच वाजवायचे. 2003 चा 'वंडरफुल रेनबो' 40-42 मिनिटांत आटोपतो, म्हणजे गॉडस्पीडच्या अल्बमच्या निम्मासुद्धा नाही. कूलर चालू असो, खाली रस्त्यावर वरात असो, यांना फरक पडत नाही. मात्र सलग ऐकलं की डोकं उठतं. माझं उठतंच, आणि दुसऱ्यांदा लावावंसं वाटायला आठवडा जातो.

मधला मार्ग हवा म्हणून लोक स्कॉटलंडमधल्या ग्लासगोच्या मोगवाई या बँडकडे जातात. 1997 चा 'यंग टीम' उत्तमच आहे, पण नागपुरी उन्हाळ्यात तोच सगळ्यात धोक्याचा. त्यातल्या 'लाइक हेरॉड'मध्ये सगळं इतकं मंद होतं की कूलरच्या आवाजात ऐकू यावं म्हणून आपण व्हॉल्यूम वाढवतो, आणि तेवढ्यात गिटार कानफटात बसते. हेडफोन असेल तर हे गमतीवारी नेऊ नका. हे फारच आडवाटेचं संगीत असेल अशी धास्ती वाटत असेल, तर एवढंच सांगतो: 2021 मध्ये याच बँडचा अल्बम ब्रिटनच्या अल्बमच्या खपाच्या यादीत पहिल्या नंबरावर होता.

टोकियोचा मोनो हा बँड गोड आहे, व्हायोलिनं-बियोलिनं भरपूर. रडायचं असेल तर लावा.

मेटल ऐकून आलेल्यानं सरळ लाइटनिंग बोल्ट घ्यावा. पार्श्वसंगीत आवडणाऱ्यानं, किंवा ज्याला रात्री अकरानंतर घर शांत मिळतं त्यानं गॉडस्पीड. तेही एकदम चारही भाग नकोत. खापरीहून ऑटोमोटिव्ह चौकापर्यंतच्या मेट्रोत एक भाग आरामात बसतो, फक्त हेडफोन कान झाकणारा हवा, नाहीतर पुढच्या स्टेशनची घोषणाच ऐकत बसाल.

पुतण्यानं लाइटनिंग बोल्ट उचलला. आता स्कूटी पुसतानाही तेच वाजतं, आणि वहिनी माझ्याकडे बघतात. गॉडस्पीडची पाळी मी दिवाळीनंतर ठेवलीय, कूलर माळ्यावर चढल्यावर.