गावातलं फायबर कनेक्शन : स्पीड चांगला, दुरुस्तीचं मात्र अवघड

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरहून जांबोटीच्या बाजूला आमचं गाव. पंचायतीपर्यंत सरकारी लाईन आणि तिथनं पुढं घरापर्यंत लोकल ऑपरेटर, असं आमच्याकडं चालायलंय. ऑपरेटरचं नाव घालत नाही. आजूबाजूच्या गावातले लोक आणि बेळगावचे पाहुणे सारखे विचारतात घेऊ काय नको, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

स्पीड सांगितला तेवढा खरंच मिळतो. पूर्वी रेंज घ्यायला अंगणात नाहीतर रस्त्यावर जावं लागायचं, आता पोरं घरात बसून क्लास बघतात, गोव्याला पुण्याला कामाला असलेल्यांशी व्हिडिओ कॉल न अडकता होतो, शेताचा उतारा भूमीच्या, म्हणजे कर्नाटक सरकारच्या जमीन नोंदींच्या, साईटवर घरातच दिसतो. जोडायला आलेला पोरगा मराठी कन्नड दोन्ही नीट बोलणारा, पैसे पण ठरल्यापेक्षा जास्त घेतले नाहीत.

खरी परीक्षा पावसाळ्याच्या तोंडावर झाली. रस्त्याच्या कामाला जेसीबी लागला, केबल तुटली, आणि घरातल्या डब्यावर, म्हणजे मोडेम-राउटरवर, एलओएसचा (लाईनमधनं सिग्नल येत नाही हे सांगणारा) लाल दिवा जो लुकलुकायला लागला तो आठवडा उलटला तरी तसाच. फोन केला की उद्या येतो. आमचंच नाही, आमच्या पुढची गावं पण बंद, कारण सगळी एकाच लाईनवर, पंचायतीत अर्ज घेऊन गेलेली माणसं सर्वर नाही म्हणून परत.

शेवटी जोडणारा आला तेव्हा मी शेजारी उभा राहून बघितलं. केसाएवढी काचेची तार, वरचं प्लास्टिक सोललं, स्पिरिटनं पुसली, कटरनं सरळ कापली, मग मशीनमध्ये दोन्ही टोकं ठेवली, स्क्रीनवर ती समोरासमोर आली, बारीक ठिणगी पडली की झाली जोडून, वर एक नळी तापवून बसवली. एका तारेला दोन-चार मिनिटं. पण असलं मशीन या सगळ्या भागाला मिळून एकच आणि ते चालवणारा माणूस पण एकच, म्हणजे सगळा वेळ तो यायलाच गेला.

ही अडचण फक्त आमच्या गावची नाही. पंचायतीपर्यंत फायबर न्यायच्या केंद्राच्या योजनेला 2011 मध्ये मंजुरी मिळाली, नंतर भारतनेट नाव आलं, त्यात बहुतेक ठिकाणी केबल एका पंचायतीतनं दुसरीकडं सरळ रेषेत ओढली, मध्ये कुठं तुटली की पुढचं सगळं बंद. ऑगस्ट 2023 मध्ये केंद्रानं सुधारित योजना मंजूर केली, जवळजवळ 1.39 लाख कोटींची, त्यात 2.64 लाख पंचायती रिंगनं जोडायच्या, म्हणजे एका बाजूनं तुटलं तर दुसऱ्या बाजूनं चालू राहायला पाहिजे, आणि 10 वर्षांची देखभाल पण त्यातच धरलीय. मला हा निर्णय मनापासून पटतो. फक्त आमच्यासारख्या जंगलाच्या भागात गावाला यायला रस्ताच एक, रिंगच्या दोन्ही केबल त्याच रस्त्याकडंच्या एकाच चरीत टाकल्या तर जेसीबी दोन्ही एकदमच तोडणार, मग रिंग कागदावरच राहील की! खोदायच्या आधी कळवायचं कॉल बिफोर यू डिग ॲप मार्च 2023 पासून आहे, पीडीओंनी (पंचायतीच्या विकास अधिकाऱ्यांनी) कॉन्ट्रॅक्टरला खोदू देण्याआधी त्यावर कळवलंय काय एवढं विचारलं तरी बरीच तोडफोड वाचेल.

आता सेफ्टीचं, कारण याबद्दल कोण बोलतच नाही. डब्याच्या सेटिंगचं लॉगिन ॲडमिन आणि पासवर्ड पण ॲडमिन, वायफायचा पासवर्ड म्हणजे ग्राहकाचा मोबाईल नंबर, गल्लीत विचारलं तर सगळ्यांचं तेच. 2016 मध्ये मिराई नावाच्या व्हायरसनं असलेच कंपनीतनं आलेले पासवर्ड वापरून जगभरातले कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले आणि त्यांच्याच जोरावर मोठमोठ्या वेबसाईट बंद पाडल्या. सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल 2022 च्या आदेशात कंपन्यांनी सायबर हल्ला 6 तासात कळवायचा असं आहे, चांगलंच आहे, पण खेड्यातल्या घराघरात असे उघडे डबे बसत गेले तर देशाची सायबर सुरक्षा कुठनं भक्कम होणार? कनेक्शन जोडणाऱ्यानं पासवर्ड बदलून द्यायचाच, अशी सक्ती पाहिजे.

आणि नेट आलं की फसवणारे पण येतात. आमच्या गल्लीतल्या एका आजींना केवायसी संपली, ओटीपी सांगा म्हणून फोन आला, नातू शेजारी होता म्हणून वाचल्या. डब्यावरच एक स्टिकर लावा, कन्नडबरोबर मराठीत पण, कारण आमच्याकडची वयस्कर माणसं मराठीच वाचतात : ओटीपी कुणाला सांगू नका, पैसे गेले तर लगेच 1930 ला फोन करा.

पाचात तीन स्टार, तीनही स्पीडला आणि त्या पोराच्या वागण्याला. घेणार असाल तर घ्या, पण पैसे द्यायच्या आधी दोन गोष्टी विचारा : केबल तुटली तर किती दिवसात जोडणार, आणि तेवढ्या दिवसांचे पैसे कापणार काय. लेखी मागा. जोडून झाल्यावर त्या पोराला उभं करून दोन्ही पासवर्ड आपल्यासमोर बदलून घ्या, आणि पावसाळ्यात मोबाईलचा डेटा रिचार्ज बंद करू नका.