चिखलातल्या फुटबॉल मॅचसाठी घेतलेले सहा स्टडचे बूट

सलग तीन मॅच धो धो पावसात खेळलो, म्हणून आता खात्रीने लिहितोय. पुढे चार आणि टाचेला दोन, असे स्क्रूने बसवायचे धातूचे स्टड, म्हणजे बुटाच्या तळाचे खुंट. मऊ मातीत ते छान रुततात. मी लेफ्ट बॅक (डावीकडचा बचावपटू), गर्रकन वळणं हेच माझं काम, आणि पाय एकदाही सटकला नाही. पण पाणी साचलंय तिथे बूट काय करणार? बॉल पचकन थांबतो, पास अर्ध्यातच मरतो. १९७४ च्या वर्ल्डकपमध्ये पश्चिम जर्मनी-पोलंड सामन्याआधी पंप लावून पाणी उपसलं, तरी मैदान तुंबलेलंच होतं.

तक्रार एकच: दुसऱ्याच मॅचला टाचेचा स्टड ढिला झाला. उतरण्याआधी किल्लीने आवळून घ्या. टणक मैदानावर मात्र हे घालू नका, तळवे भरून येतात.