ठासणीची बंदूक : जुना घोडा शोधावा की नवा घडवावा?

पणजोबांच्या टोपीच्या बंदुकीला (तोंडातून दारू ठासून, स्फोटक टोपीने उडवायची जुनी बंदूक) घोडा, म्हणजे टोपीवर आपटणारा भाग, नाही; गज, म्हणजे दारू ठासायची काठी, तीही गेलीय. काय करू, असं सोलापूरच्या एका मित्राने विचारलंय. मित्रा, आधी नळी रिकामी आहे का ते बघ. जुनी दारू आत राहिलेली असू शकते. नळीच्या तोंडातून काठी घाल, आत किती जाते ती खूण बाहेरून नळीवर धरून बघ. काठी नळीच्या मागच्या टोकाला बरीच तोकडी पडली, तर हात लावू नकोस, थेट परवानाधारक बंदूक कारागिराला बोलाव.

जुळणी : जुना घोडा मिळाला तरी बसेलच असं नाही. त्या काळी बहुतेक भाग कानशीने हाताने जुळवलेले, त्यामुळे घोडा ज्यावर बसतो ते चौकोनी भोक एका बंदुकीचं दुसरीला लागत नाही. भोक मोठं करत बसलात, तर जुना भागही वाया. नवा घोडा मापाने होतो.

खर्च : नव्याचा अंदाज आधी मिळतो, जुन्याचा भाव विकणारा ठरवेल तो.

अस्सलपणा : इथे जुनाच सरस, पण त्याच घडणीचा असेल तर. नव्यावर आतल्या बाजूला साल कोरून घ्या, म्हणजे पुढची पिढी फसणार नाही.

कायदा : दोन्हीकडे सारखाच. १९५९च्या शस्त्र कायद्याखाली दुरुस्ती करणाऱ्यालाही परवाना लागतो, म्हणून एमआयडीसीतल्या लेथवाल्याकडे नेऊ नका.

गज मात्र सागवानी नवाच करा.

भिंतीवर लावायची असेल तर नवा घोडा बरा. संग्रह म्हणून जपायची असेल तर थांबा, जुना शोधा, आणि तोवर नळीला पॉलिश पेपर लावू नका.