दर दुसऱ्या शनिवारी फोटोंची चिरफाड

माझं साताऱ्यात औषधांचं दुकान आहे. दुकान बंद असलं की कॅमेरा गळ्यात आणि गाडी कास, ठोसेघर नाहीतर चाळकेवाडीकडे, असं गेली सहा वर्षं चाललंय. जाणकार वगैरे नाही मी, हे आधीच सांगून टाकते. पुण्यात एका फोटो प्रिंट करणाऱ्या लॅबमध्ये महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी संध्याकाळी हौशी लोकांची बैठक भरते. निसर्गाचे फोटो आणायचे आणि सगळ्यांसमोर त्यांची चिरफाड करून घ्यायची. विनाथांबा एसटीनं तीनदा जाऊन आले, म्हणून हा अभिप्राय.

फी 300 रुपये. प्रत्येकी दोनच फोटो, तेही 12×18 इंची प्रिंटवर. मोबाइल पुढे केला तर लॅबवाले काका हातानंच ‘खिशात ठेवा’ म्हणून खुणावतात. प्रिंटचे पैसे अर्थातच वेगळे, त्यामुळे पहिल्यांदा मला हा प्रिंट खपवायचा धंदा वाटला. थोडा आहेही.

पहिल्या खेपेला मी माझा लाडका फोटो नेला होता. कासचं पठार, सोनकीचा पिवळा गालिचा आणि वर निळंशार आभाळ. आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर त्याला 140 अंगठे आले होते, ‘अप्रतिम ताई’ आणि हात जोडलेले ते वेगळे. काकांनी प्रिंट बोर्डावर लावली, चष्मा कपाळावर सरकवला आणि बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, “ताई, आभाळात हा काळपट पट्टा कसला?”

पट्टा होता. दोन वर्षं माझ्या लॅपटॉपच्या पडद्यावर तोच फोटो आहे, आणि मला तो कधी दिसला नव्हता! आभाळ गडद यावं म्हणून मी 16 मिमीच्या लेन्सवर पोलरायझर, म्हणजे लेन्सपुढे लावायचा फिल्टर, लावला होता. काकांनी समजावलं ते असं: सूर्यापासून काटकोनात असलेल्या आभाळावर पोलरायझरचा परिणाम सर्वांत जास्त होतो. एवढ्या रुंद लेन्समध्ये आभाळाचा केवढा तरी भाग येतो, म्हणून मधला तुकडा काळवंडतो आणि बाजूचे फिके राहतात. घरी येऊन जुने फोटो उघडले, तर अकरा फोटोंत तोच पट्टा. 140 जणांपैकी एकानंही सांगितलं नाही. अंगठा दाबायला एक सेकंद पुरतो म्हणा, आणि मीही दुसऱ्यांना तेच करत आलेय.

काकांकडे काळ्या पुठ्ठ्याचे एल आकाराचे दोन तुकडे आहेत. ते प्रिंटवर सरकवून फोटो कुठे कापावा हे दाखवतात. कधी प्रिंट चक्क उलटी लावतात. डोंगर, झाड, धबधबा ओळखू येईनासे झाले की नजर नेमकी कुठे अडकते ते कळतं. माझ्या ठोसेघरच्या फोटोत ती धबधब्यावर नव्हे, कोपऱ्यातल्या पांढऱ्या दगडावर अडकली.

दुसऱ्या बैठकीत एकानं हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावरून टिपलेलं इंद्रवज्र आणलं होतं. सगळे हरखले. ढगावर पडलेली स्वतःची सावली आणि भोवती रंगांची वर्तुळं, असं दृश्य नशिबानंच दिसतं. काका म्हणाले, “तुमचं नशीब थोर. पण यात कडा कुठाय?” खरंच, तो फोटो कुठल्याही ढगावरचा असू शकला असता.

एक प्रसंग मात्र खटकला. एका मुलानं सीतेच्या आसवांचा फोटो आणला होता, फुलांच्या पातळीवरून घेतलेला, सुरेख. काकांनी विचारलं, “कोपर कुठं टेकलं होतं?” तो चाचरत म्हणाला, “फुलांवरच.” काकांनी प्रिंट बाजूला ठेवली आणि पुढचं नाव पुकारलं. प्रश्न मला शंभर टक्के पटला. कासच्या कातळावरच्या त्या बोटभर मातीत कोपर टेकलं की काय होतं ते मी पाहिलंय. पण चार शब्द सांगून सोडायला हवं होतं. तो मुलगा पुढच्या महिन्यात आला नाही.

बाकी तक्रारी किरकोळ नाहीत. बोर्डावरचा दिवा पिवळा आहे, त्यामुळे पावसाळ्यातला हिरवा रंग शेवाळी दिसतो. लॅबवाल्यांनाच हे कळू नये? पहिल्या माणसावर चाळीस मिनिटं जातात आणि शेवटच्या तिघांना दहा मिनिटांत गुंडाळतात. शिवाय एक गृहस्थ प्रत्येक फोटोवर ‘फुल फ्रेम घ्या’, म्हणजे मोठ्या सेन्सरचा कॅमेरा घ्या, एवढंच सांगतात. त्यांना कुणी आवरत नाही. माझी पहिली प्रिंट अंधारलेली आली, कारण माझ्या लॅपटॉपचा उजेड नेहमी पूर्ण वाढवलेला असतो, आणि पडद्यावर फोटो आहे त्याहून उजळ दिसतो. आधी 4×6 ची चाचणी प्रिंट 20 रुपयांत काढून मिळते, पण ते विचारल्याशिवाय सांगत नाहीत. तेव्हा विचारा. मॅट कागद घ्या, चकचकीत कागदावर वरच्या ट्यूबलाइटचीच चिरफाड होते.

नाव लवकर नोंदवा आणि पहिल्या पाचांत राहा. चहा चांगला असतो. सोनकी आता सप्टेंबरशिवाय फुलायची नाही, म्हणून पुढच्या खेपेला चाळकेवाडीच्या पवनचक्क्या नेतेय, पोलरायझर घरी ठेवून काढलेल्या. त्यातला एक फोटो ग्रुपवर टाकून झालाय. 90 अंगठे.