एमसीबी आहे की, मग आरसीसीबी कशाला?

उन्हं तापायला लागली की परभणी-नांदेडकडे पत्र्याचे कूलर माळ्यावरून खाली उतरतात आणि वायरमनला हा प्रश्न हमखास विचारला जातो. एमसीबी आणि आरसीसीबी म्हणजे बोर्डात बसणारे, बिघाड झाला की आपोआप लाइन तोडणारे स्विच. पैसे वाचवायचे असतात, ते बरोबरच आहे. आरसीसीबी एमसीबीच्या कितीतरी पट महाग पडते. पण दोघींची कामं वेगळी आहेत.

एमसीबी वायरिंगला जपते. लोड वाढला किंवा शॉर्ट झाला की पडते, म्हणजे आपोआप बंद होते. आरसीसीबी माणसाला जपते. फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून तेवढाच परत आला का, एवढंच ती बघते. घरगुती आरसीसीबी 30 मिलिअँपिअरची घ्यायची. तेवढा करंट दुसरीकडे गळाला की ती क्षणात लाइन तोडते.

आता कूलरचं बघा. पंपाची वायर सोलली आणि फेज पत्र्याला लागला. मे महिन्यात आपली काळी माती भेगाळलेली, अर्थिंगचा खड्डा कोरडाठाक. समजा, अर्थिंगचा रोध 20 ओहमवर गेलाय. 230 व्होल्टला करंट वाहणार साडेअकरा अँपिअर. 16 अँपिअरच्या एमसीबीला हा नेहमीचाच लोड! ती पडत नाही, पंखा गार वारा देत राहतो आणि पत्र्यात करंट उतरलेला असतो. त्याच ठिकाणी आरसीसीबी फेज पत्र्याला लागताक्षणीच पडली असती.

म्हणून अर्थिंग नको असं नाही. अर्थिंगच नसेल तर आरसीसीबी पडायला पत्र्याला कुणाचा तरी हात लागावा लागतो. खड्ड्यात उन्हाळाभर पाणी घालत जा, आणि कूलरला दोन पिनची टोपी लावून तिसरी, अर्थिंगची वायर मोकळी सोडू नका.

आरसीसीबीची उणी बाजूही आहे. ओव्हरलोड तिला कळत नाही, त्यामुळे एमसीबी काढता येत नाही. एका हातात फेज आणि दुसऱ्यात न्यूट्रल आला, तर तिच्या लेखी तो माणूस म्हणजे एक बल्बच. शिवाय जुन्या वायरिंगमध्ये ती सारखी पडते, विशेषतः इन्व्हर्टरचा न्यूट्रल बाकीच्या घराच्या न्यूट्रलमध्ये मिसळलेला असेल तर. "साहेब, काढून टाकू का?" असं वायरमनने विचारलं तर नाही म्हणा आणि न्यूट्रल वेगळा करून घ्या.

नवं घर बांधत असाल तर दोन्ही कामं करणारी आरसीबीओ कूलर, मोटर आणि गिझरच्या लाइनला वेगवेगळी लावा. एक पडली तरी सगळं घर अंधारात जात नाही. जुन्या घरात मेनवर एक आरसीसीबी पुरे. भाड्याच्या खोलीत मालक ऐकत नसेल, तर निदान कूलरच्या पॉइंटपुरती आरसीबीओची छोटी पेटी बसवून घ्या. घर सोडताना ती काढूनही नेता येते. लावल्यावर महिन्यातून एकदा टी लिहिलेलं बटण दाबा. आरसीसीबी पडली नाही, तर त्याच दिवशी वायरमनला बोलवा.